विषारी वायू ओळखणाऱ्या ध्वनिलहरी

टोकियोच्या भुयारी रेल्वेत २० मार्च १९९५ रोजी सरिन हे विषारी रसायन पसरविण्यात आले. त्यात डझनाहून अधिक जणांचा मृत्यू झाला, तर हजारोंना बाधा झाली. शुद्ध सरिनला रंग नसतो आणि वासही नसतो. हवेतील अशा विषाची अत्यल्प मात्रा ओळखण्याच्या तंत्रांपैकी एक म्हणजे पृष्ठीय ध्वनिलहरींवर चालणारा संवेदक होय.

घन पदार्थाच्या पृष्ठभागालगत धावणाऱ्या या लहरींचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडले. भूकंपात जमीन हलविणाऱ्या लहरींमध्ये त्यांचाही समावेश असतो. कंगव्याच्या दातांसारख्या धातूच्या बारीक पट्ट्या स्फटिकावर बसवून विजेद्वारे या लहरी निर्माण करण्याची पद्धत व्हाइट आणि व्होल्टमर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये मांडली. वायू ओळखण्यासाठी त्यांचा वापर १९७९ मध्ये वोल्टजेन व डेसी यांनी दाखवून दिला.

क्वार्ट्झसारख्या स्फटिकाच्या एका टोकाला लहर निर्माण होते आणि दुसऱ्या टोकाला तिचे पुन्हा विद्युत संदेशात रूपांतर होते. मधल्या मार्गावर पॉलिमरचा पातळ थर दिलेला असतो. वायूचे रेणू त्यात शोषले गेले, की थराचे वजन वाढते, लहर किंचित मंदावते आणि उपकरणाची वारंवारता घटते. मूळ वारंवारता कोट्यवधी हर्ट्‌झ असली, तरी तीत पडणारा काही हर्ट्‌झचा फरकही मोजता येतो. संवेदकाची सूक्ष्मता त्यातूनच येते.

मात्र लहरीला वजन कळते, ते कोणत्या वायूचे हे कळत नाही. ती निवड थरावर अवलंबून असते. हायड्रोजनसाठी पॅलेडियम धातूचा, तर सरिनच्या वर्गातील रसायनांसाठी त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडणाऱ्या पॉलिमरचा थर देतात. तरीही हवेतील आर्द्रता आणि तापमानातील चढउतार वारंवारता बदलू शकतात. त्यामुळे तुलनेसाठी एक संवेदक थराविना ठेवला जातो, तसेच वेगवेगळ्या थरांचे अनेक संवेदक एकत्र बसवून त्यांच्या प्रतिसादांच्या आकृतिबंधावरून संगणक वायू ओळखतो. यालाच ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ म्हणतात. भारतात ‘डीआरडीओ’च्या दिल्लीतील सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने याच तत्त्वावर ‘ई-नासिका’ हे उपकरण विकसित केले.

वारंवार खोटा इशारा देणाऱ्या यंत्राकडे लोक दुर्लक्ष करू लागतात आणि खरा इशारा चुकल्यास प्राणांवर बेतते. म्हणूनच अधिक सूक्ष्म मोजणीइतकेच अचूक ओळख पटविणाऱ्या थराचे संशोधन महत्त्वाचे ठरते.