उशिरा पोहोचलेले पत्र

सप्टेंबर 2014च्या अखेरीस अमेरिकेतील ऑरलँडो शहरात एका जुन्या होंडा अकॉर्डला अपघात झाला. चालक स्त्री काही दिवसांतच दगावली. तिच्या मानेवरच्या जखमा अपघाताच्या वाटेनात. कोणी धारदार शस्त्राने वार केले असावेत असे समजून पोलिसांनी खुनाच्या दिशेने तपास सुरू केला. उलगडा झाला तो आठवडाभराने, तिच्या घरी होंडा कंपनीचे पत्र आले तेव्हा. गाडीतली एअरबॅग सदोष आहे, ती बदलून घ्यावी, असे त्यात लिहिले होते. गाडी 2001 सालची होती.

विकलेली गाडी दोष आढळल्यावर उत्पादकाने परत बोलवायची आणि फुकट दुरुस्त करून द्यायची, ही पद्धत कंपन्यांच्या उदारपणातून आलेली नाही. 1965 साली राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकी मोटार उद्योगाची अब्रू चव्हाट्यावर आणली आणि पुढच्याच वर्षी तिथे वाहन सुरक्षेचा कायदा झाला. 'रिकॉल'ची व्यवस्था त्या कायद्यावर उभी आहे. तिने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: दोष कळला की उत्पादक तो सांगेल, आणि सांगितलेले मालकापर्यंत पोहोचेल. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगांनी ही दोन्ही गृहीतके खोटी पाडली.

1933 साली ताकेझो ताकादा यांनी सुरू केलेला हा मुळात विणकामाचा धंदा. पॅराशूटच्या दोऱ्या, मग 1960पासून गाडीतले सीटबेल्ट. म्हणजे जीव वाचवणारे पट्टे विणण्यात या घराण्याचा हात बसलेला होता. एअरबॅग ही निराळी वस्तू. तिच्यात दारू असते. टक्कर होताच इन्फ्लेटर नावाच्या धातूच्या डबीतल्या गोळ्या पेटतात, वायू सुटतो आणि सेकंदाच्या तीसेक हजारांशाइतक्या वेळात पिशवी फुगते. 1980च्या दशकात होंडाने या कामाबद्दल विचारले तेव्हा ताकाताचे प्रमुख बिचकले होते. काही विपरीत घडले तर कंपनीच बुडेल अशी भीती त्यांनी बोलून दाखवली होती, असे होंडाचे अभियंते साबुरो कोबायाशी यांनी आठवणींत नोंदवले आहे. पुढे ताकाताने ते काम घेतलेच.

सुरुवातीच्या एअरबॅगांत सोडियम अझाइड वापरत. ते विषारी, म्हणून सगळेच उत्पादक पर्याय शोधत होते. ताकाताने 2000च्या सुमारास अमोनियम नायट्रेट निवडले. खतात आणि खाणीतल्या सुरुंगांत वापरला जाणारा हा क्षार स्वस्त, आणि जळल्यावर मागे राख फारशी ठेवत नाही, त्यामुळे डबीही लहान करता येते. पण तो लहरी आहे. सुमारे 32 अंश सेल्सिअसला त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आकारमान बदलते. शिवाय तो हवेतली ओल ओढून घेतो. ताकाताने मिश्रणात दुसरे घटक घालून स्फटिकांची लहर आवरली. ओलीचा बंदोबस्त मात्र बहुतेक डब्यांत केलाच नाही. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी पुडी असते, तशा पदार्थाची तिथे गरज होती.

सर्दावलेला फटाका फुसका निघतो, हा आपला दिवाळीचा अनुभव. इथे नेमके उलटे घडले. वर्षानुवर्षे दमट हवा आणि दिवसा-रात्रीचा तापमानातला चढउतार सोसून त्या घट्ट गोळ्या फुगत, सच्छिद्र होत. पेटल्यावर आग एकाच वेळी कितीतरी जास्त पृष्ठभागाला लागे, दाब डबीला पेलत नसे आणि धातूच्या कपच्या पिशवी फाडून समोरच्या माणसाच्या मानेत, चेहऱ्यात घुसत. हा धोका नव्या गाडीत नव्हता. तो मुरत होता. गाडी जितकी जुनी आणि प्रदेश जितका उष्ण-दमट, तितका तो पक्का.

हे आधी कोणाला कळलेच नव्हते असे नाही. ताकाताच्या वॉशिंग्टन राज्यातल्या मोझेस लेक कारखान्यात काम केलेले अभियंते मार्क लिली यांनी अमोनियम नायट्रेटच्या वापराला आतूनच विरोध केला होता. ते 1999 साली कंपनीतून बाहेर पडले. त्याच सुमारास जनरल मोटर्सने ऑटोलिव्ह या प्रतिस्पर्धी कंपनीला ताकाताइतका स्वस्त इन्फ्लेटर देता येतो का पाहा, असे सुचवले. ऑटोलिव्हच्या रसायनतज्ज्ञांनी ताकाताची रचना तपासली, धोका ओळखला आणि तसा माल बनवायला नकार दिला. मला या साऱ्या प्रकरणात हा नकार सर्वात बोलका वाटतो, कारण 'त्या काळी एवढे ज्ञान कुठे होते' ही पळवाट त्याने बंद होते. ताकाताने तर 2000पासून वाहन कंपन्यांना चाचण्यांचे फेरफार केलेले आकडे पुरवले. 2017मध्ये कंपनीने अमेरिकी न्यायालयात हा गुन्हा कबूल केला.

2004 साली अलाबामात एका अकॉर्डची एअरबॅग फुटली, तेव्हा तो अपवाद मानला गेला. नोव्हेंबर 2008मध्ये होंडाने पहिला रिकॉल काढला. गाड्या जेमतेम चार हजार. मे 2009मध्ये ओक्लाहोमात अठरा वर्षांची एक मुलगी गेली आणि रिकॉलची यादी वाढली. मग ती वाढतच राहिली. मध्यंतरी दमट राज्यांपुरतेच इन्फ्लेटर बदलावेत असा पवित्रा घेतला गेला. जणू फ्लॉरिडात दहा उन्हाळे काढलेली गाडी पुढे कधी उत्तरेकडे विकली जातच नाही. अखेर एकट्या अमेरिकेत सुमारे 6 कोटी 70 लाख इन्फ्लेटर यादीत आले, जगभरात 10 कोटींच्या आसपास. तिथल्या मोटार इतिहासातला हा सर्वात मोठा रिकॉल.

आणि इथे दुसरे गृहीतक कोसळले. जून 2016मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने जाहीर केले की, 2001 ते 2003च्या काही होंडा आणि अॅक्युरा गाड्यांत एअरबॅग उघडली तर ती फुटण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत आहे; या गाड्या दुरुस्तीसाठी नेण्यापलीकडे चालवूच नयेत. अशा 3 लाख 13 हजार गाड्या तेव्हाही दुरुस्तीविना होत्या. पंधरा वर्षांच्या गाडीचा मालक तिसरा किंवा चौथा असतो. त्याने ती अधिकृत दालनातून घेतलेली नसते, कंपनीच्या वहीत त्याचा पत्ता नसतो, आणि पत्र आलेच तर एक दिवसाची मजुरी बुडवून गाडी नेणे त्याला परवडेलच असे नाही. नवी गाडी घेणाऱ्याने सुरक्षेचे पैसे मोजले. त्या सुरक्षेतला बिघाड मात्र वाट्याला आला शेवटच्या, बहुधा गरीब मालकाच्या. होंडाला पुढे माणसे दारोदार पाठवावी लागली.

ताकाताला 100 कोटी डॉलर भरायचा आदेश झाला. त्यातले 85 कोटी वाहन कंपन्यांना, 12.5 कोटी बळींना आणि जखमींना, 2.5 कोटी दंड. जून 2017मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत या इन्फ्लेटरांनी घेतलेल्या बळींची अधिकृत संख्या 28 आहे, जखमी 400हून अधिक.

भारतातही हे इन्फ्लेटर आले होते. होंडाने जानेवारी 2017मध्ये 2012 सालच्या 41,580 गाड्या आणि पुढच्या जानेवारीत आणखी 22,834 गाड्या परत बोलावल्या. त्या वेळी आपल्याकडे रिकॉलची सक्ती करणारा कायदाच नव्हता. 2012पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छा संहिता होती तेवढीच. सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला तो मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीने. मुंबईपासून गोव्यापर्यंतची किनारपट्टी हवेच्या बाबतीत फ्लॉरिडाला हार जाणारी नाही. गाडी दोनदा विकली गेली तरी आरसीवर पहिल्याच मालकाचे नाव, हा प्रकारही आपल्याला अपरिचित नाही.

इन्फ्लेटर बदलला म्हणजे प्रकरण मिटले, असेही नव्हते. 2023च्या सुरुवातीला फोर्डने 2004 ते 2006च्या रेंजर ट्रकांचा नवा रिकॉल जाहीर केला. या गाड्यांतले ताकाताचे इन्फ्लेटर आधीच्या रिकॉलमध्ये बदलले होते. पण बदललेले भाग चुकीच्या पद्धतीने बसवले गेले असावेत आणि टक्करीच्या वेळी पिशवी नीट उघडणार नाही, अशी शंका निघाली. त्या 98,550 गाड्यांच्या मालकांना पुन्हा पत्रे लिहावी लागली.