लीन व्यवस्थापन, व्यवसाय शिक्षणातील

शिकणाऱ्याच्या कौशल्यात भर न घालणारे काम, वेळ व खर्च शोधून कमी करण्याची आणि त्यायोगे माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षण घेतलेल्या तरुणांची रोजगारक्षमता वाढविण्याची पद्धती. तिचे मूळ दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो व सहकाऱ्यांनी घडविलेल्या उत्पादनपद्धतीत आहे. ‘लीन’ ही संज्ञा जॉन क्रॅफ्सिक यांनी 1988 मध्ये वापरली.

अपव्यय : ओनो यांनी अतिउत्पादन, प्रतीक्षा, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल व सदोष माल असे सात अपव्यय सांगितले. न वापरलेले मानवी कौशल्य हा आठवा अपव्यय पुढे जोडला गेला. शिक्षणात तोच सर्वांत गंभीर होय. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या (आयटीआय) कार्यशाळेत एका लेथभोवती पाळीची वाट पाहणारे प्रशिक्षणार्थी ही प्रतीक्षा, तर मागणी ओसरलेल्या ट्रेडच्या (व्यवसायशाखेच्या) जागा भरत राहणे हे अतिउत्पादन. वेल्डरचे प्रमाणपत्र मिळवलेला तरुण हमालीला लागला, तर आठवा अपव्यय घडतो.

कार्यपद्धती : प्रवेशापासून नोकरीपर्यंतच्या टप्प्यांचा मूल्यप्रवाह नकाशा काढून विद्यार्थी कोठे अडतो, हे पाहतात. निवड, मांडणी, स्वच्छता, प्रमाणीकरण व शिस्त या ‘फाइव्ह-एस’ पंचसूत्रीने कार्यशाळा लावतात. शिल्प निदेशक व विद्यार्थी मिळून छोट्या सुधारणा करतात (कायझेन). अभ्यासक्रम व कारखाना यांतील दरी सांधण्यास भारतात शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 चा आधार मिळतो.

उदाहरण : बंगळुरूजवळील बिडदी येथे टोयोटा किर्लोस्कर मोटरने 2007 मध्ये तांत्रिक प्रशिक्षण संस्था सुरू केली. दहावी उत्तीर्ण ग्रामीण विद्यार्थ्यांसाठीच्या तीन वर्षांच्या निवासी अभ्यासक्रमात कौशल्याबरोबर शिस्त व शरीरस्वास्थ्य यांवरही भर असतो.

मर्यादा : विद्यार्थी हा माल नव्हे. फिटरचा हात कानस पुन्हापुन्हा चालवूनच बसतो. म्हणून सराव किंवा शिकताना बिघडलेला जॉब (घडवायचा नग) यांना अपव्यय मानता येत नाही. निदेशकांची पदे रिक्त ठेवणे अथवा प्रात्यक्षिकाच्या कच्च्या मालात काटछाट करणे ही केवळ खर्चकपात असून ती या पद्धतीच्या हेतूविरुद्ध आहे. उत्तीर्णांची टक्केवारी हे येथील यशाचे पुरेसे माप नाही. प्रशिक्षित तरुणाला आपल्या ट्रेडमध्ये काम, योग्य वेतन व पुढे शिकण्याची वाट मिळाली का, हेच खरे माप होय.