इंदूरचं खत आणि आपली चूल

परसबागेसाठी आपण कंपोस्ट करतो. त्याची एक शास्त्रशुद्ध रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज तिची गोष्ट.

१९०५ साली आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ बिहारमधल्या पुसा इथं आले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघं बरोबरीनं संशोधन करत. १९२४ साली होळकरांच्या इंदुरात कापसाच्या संशोधनासाठी संस्था निघाली, तिचे हॉवर्ड संचालक झाले.

तिथं त्यांनी पाहिलं, ते आपल्यालाही ठाऊक आहे. जळण मिळत नाही, म्हणून शेणाच्या गोवऱ्या होतात. शेण चुलीत जातं आणि शेत उपाशी राहतं. गोवऱ्या थापू नका, असं सांगून भाकरी भाजत नाही. मग उपाय निघाला तो असा: थोड्याच शेणात भरपूर काडीकचरा कुजवायचा.

कापसाच्या पराट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत. त्या वाटेवर पसरायच्या, म्हणजे बैलगाडीच्या चाकांखाली चुरा होतो. हा चुरा, पालापाचोळा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. मग उथळ खड्ड्यात थर द्यायचे: काडीकचरा, शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख. ओल टिकवायची आणि हवा खेळावी म्हणून तीनदा वरखाली करायचं. तीन महिन्यांत खत तयार.

१९३० साली गॅब्रिएल वारल्या. १९३१ साली हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी या पद्धतीवर पुस्तक काढलं आणि ती परदेशातही पोचली.

त्या खड्ड्यातलं सामान बघा. शेण, राख, गोठ्यातला केर. गावोगावी हे गोळा करणारे हात बहुतेक बायकांचेच. शेणाची पाटी चुलीकडे न्यायची की खड्ड्याकडे, हेही आपणच ठरवतो. आज सिलिंडर महागला की गोवऱ्या पुन्हा थापल्या जातात, म्हणजे तो जुना प्रश्न अजून सुटलेला नाही.

म्हणून गटात एवढं तरी ठरवू या: पराट्या, पाचोळा पेटवायचा नाही. रोज एक पाटी शेण खड्ड्यासाठी राखायचं. आणि खत पुरतं कुजल्याशिवाय वांगी-मिरचीच्या वाफ्यात घालायचं नाही, कारण कच्च्या शेणखतातून हुमणी येते.