रोझेनफील्ड, ॲलन

(२८ एप्रिल १९३३ – १२ ऑक्टोबर २००८). अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ व सार्वजनिक आरोग्य संशोधक. गर्भनिरोधक गोळ्या देण्याचे काम डॉक्टरांपुरते न ठेवता गावातल्या प्रसाविकेकडे सोपवण्याचा थायलंडमधील प्रयोग आणि मातामृत्यूंकडे होणाऱ्या जागतिक दुर्लक्षावर १९८५ साली नेमके बोट ठेवणारा लेख, या दोन कामांसाठी ते ओळखले जातात.

त्यांचा जन्म मॅसॅचुसेट्स राज्यातील ब्रुकलाइन येथे झाला. हार्वर्डमधील शिक्षणानंतर १९५९ मध्ये त्यांनी कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेतली. कोरियात अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर म्हणून आणि पुढे नायजेरियातील लागोस येथे काम करताना गरीब देशांतील बायकांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. १९६७ मध्ये पॉप्युलेशन कौन्सिलतर्फे ते थायलंडच्या आरोग्य खात्याचे सल्लागार झाले आणि १९७३ पर्यंत तिथेच राहिले.

थायलंडमध्ये तेव्हा गर्भनिरोधक गोळ्या फक्त डॉक्टरच लिहून देऊ शकत आणि डॉक्टर होते शहरात. खेड्यापाड्यांत सरकारी आरोग्यसेवेचे माणूस म्हणजे सहायक प्रसाविका. बाळंतपणे तीच करी, घरोघरी तिला ओळखत. १९६९ मध्ये चार प्रांतांत या प्रसाविकांना थोडे प्रशिक्षण देऊन एक छापील तपासयादी दिली गेली. बाईला विचारायचे प्रश्न त्यात साध्या भाषेत होते : डोळे कधी पिवळे झाले होते का, स्तनात गाठ लागते का, पायांना सूज किंवा तीव्र वेदना आहे का, छातीत कळ येते का, काम करताना धाप लागते का. सगळी उत्तरे ‘नाही’ आली की गोळ्यांचे पाकीट हातात. एखादे ‘हो’ आले तर बाईला डॉक्टरकडे पाठवायचे. गोळ्या घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांपेक्षा प्रसाविकांनी दिलेल्या गोळ्या बायकांनी जास्त प्रमाणात मध्येच सोडल्या, असेही दिसले नाही. प्रयोगानंतर सरकारने देशभरच्या सुमारे साडेतीन हजार प्रसाविकांना ही मुभा दिली. थायलंडचा जननदर पुढच्या दोन दशकांत फार वेगाने खाली आला. त्याचे सारे श्रेय या एका निर्णयाला देता येणार नाही. पण साधन दाराशी पोचले नसते तर हे घडले नसते, हेही खरे.

१९७५ पासून रोझेनफील्ड कोलंबिया विद्यापीठात लोकसंख्या व कुटुंबआरोग्य केंद्राचे प्रमुख होते. डेबोरा मेन यांच्यासह त्यांनी १९८५ च्या जुलैमध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. माता-बालसंगोपनाच्या कार्यक्रमांत माता कुठे आहे, हा त्याचा प्रश्न होता. वर्षाला सुमारे पाच लाख बायका गरोदरपणात वा बाळंतपणात दगावत होत्या आणि जवळजवळ सगळ्या गरीब देशांतल्या. बाळासाठी केलेल्या उपायांनी आईही आपोआप वाचेल, असे सगळे गृहीत धरून चालले होते. या दुर्लक्षाचा दोष रोझेनफील्ड यांनी स्वतःच्या व्यवसायबंधूंनाही दिला, हे त्यांचे मोठेपण. १९८७ मध्ये नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वाची जागतिक मोहीम सुरू झाली, तिच्यामागे या लेखाचे बळ होते.

डॉक्टरांवाचून काम भागवण्याच्या त्यांच्या विचाराची खरी कसोटी इथे लागते. गोळीला डॉक्टर लागत नाही. अडलेल्या बाळंतिणीला मात्र शस्त्रक्रियेची सोय लागतेच. कुणाचे बाळंतपण अडेल हे आधी ओळखता येत नाही, त्यामुळे जोखमीच्या बायका निवडून काढणे किंवा दाईला प्रशिक्षण देणे पुरे पडत नाही, असे कोलंबियातील या गटाने ठामपणे मांडले. वार अडकली, झटके आले, रक्त थांबेना, तर उपचार करणारे केंद्र गाठता आले पाहिजे. याच गटातील सेरीन थॅडियस व डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मांडलेले ‘तीन विलंब’ (निर्णयाला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला होणारा उशीर) भारतातील मातामृत्यू अन्वेषणातही वापरले जातात. पाच लाख लोकसंख्येमागे प्रसूतीतील तातडीच्या उपचारांची निदान चार प्राथमिक केंद्रे आणि सिझेरियन व रक्ताची सोय असलेले एक पूर्ण केंद्र हवे, हा निकष संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी १९९७ मध्ये स्वीकारला. १९९९ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पाच कोटी डॉलरच्या मदतीने रोझेनफील्ड यांनी प्रसूतीतील तातडीच्या उपचारांचा कार्यक्रम अनेक देशांत सुरू केला. भारत त्यांत होता. जिथे सर्जन मिळत नाहीत तिथे मोझांबिकप्रमाणे डॉक्टर नसलेल्यांना सिझेरियन शिकवावे, याचाही त्यांनी पुरस्कार केला.

एचआयव्हीच्या साथीत त्यांनी ‘माता कुठे आहे’ हाच प्रश्न पुन्हा विचारला. बाळाला लागण होऊ नये म्हणून आईला औषध द्यायचे आणि नंतर तिला मरू द्यायचे, हे त्यांना मान्य नव्हते. आई व कुटुंबाला कायमचे उपचार देणारा ‘एमटीसीटी-प्लस’ कार्यक्रम त्यांतून उभा राहिला. १९८६ ते २००८ ते कोलंबियाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाचे अधिष्ठाता होते. स्नायू निकामी करणारा एएलएस हा आजार जडल्यावरही त्यांनी काम सोडले नाही. न्यूयॉर्क राज्यातील हार्ट्सडेल येथे त्यांचे निधन झाले.