देशी बुद्धिबळातील गती आणि तोल

देशी बुद्धिबळ संथ, म्हणून सदोष, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे मूळ एका नियमात आहे. देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे सरकते. युरोपीय पद्धतीत त्यास दोन घरांची मुभा असते. त्यामुळे देशी डावात प्यादी उशिरा भिडतात आणि व्यूहरचनेस अवसर मिळतो. किल्लेकोट नसल्याने राजास डावात एकदाच घोड्याची चाल दिलेली आहे. संथपणा हा अशा रीतीने तोलाचाच भाग ठरतो.

शिवाय हा गतिभेद मुख्यतः प्रारंभापुरता आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा १८१४ साली मुंबईत इंग्रजीत प्रसिद्ध झालेला ग्रंथ युरोपीय पद्धतीस जुळवून घेतलेला असून त्यात प्राधान्याने निर्णायक स्थितीच दिल्या आहेत. अशा स्थितींत प्याद्याच्या पहिल्या चालीचा प्रश्न क्वचितच उरतो. पुढे देशी पद्धतीत वाढलेल्या सुलतान खान यांनी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. त्यांचा प्रारंभ कच्चा, परंतु अंतपर्व समर्थ असे. नियम बदलताच जे उणे पडले ते प्रारंभाचे ज्ञान होय. डावाची मूळ समज अबाधित राहिली. तेव्हा संथपणावरून देशी खेळास सदोष ठरविणे युक्त नव्हे.