बोरीकाठचा मुक्काम

सहलीचा विषय निघाला की मुलांच्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. कोकणचा किनारा, माडांची बने आणि मुक्कामाला खाडीकाठचे घर. आमच्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. पावसासाठी आभाळाकडे पाहणारा हा मुलूख. पण पाण्याच्या सोबतीने राहण्याची हौस इथेही होती. नळदुर्गचा पाणीमहाल तिची साक्ष देतो.

बोरी नदीकाठचा हा किल्ला बहामनींकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे आला. दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या कारकिर्दीत (१५८० ते १६२७) नळदुर्ग व समोरचा रणमंडळ यांना जोडणारा दगडी बंधारा बांधला गेला. साल हिजरी १०२२, म्हणजे इ. स. १६१३. या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात बोरी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. आत सज्जात उभे राहिले तर समोर पाण्याचा पडदा आणि आपण मात्र कोरडे! किल्ल्यासाठी पाणी अडवायचे होतेच. ते अडवताना कारागिरांनी डोळ्यांचे सुखही सांभाळले.

हा इब्राहीम 'जगद्गुरू' म्हणून ओळखला जाई. त्याच्या दखनीतील 'किताबे नवरस'मध्ये सरस्वती आणि गणपतीचे स्तवन आहे. या वारशाला एकाच धर्माच्या कप्प्यात कसे बसवणार?

१८५३ मध्ये निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी हा जिल्हा इंग्रजांकडे सोपवला. मेडोज टेलर हा अधिकारी कारभार पाहायला आला आणि १८५७ पर्यंत नळदुर्गला राहिला. पुढे १८६३ मध्ये आलेल्या 'तारा' या कादंबरीत त्याने तुळजापूर रंगवले. त्याच्या मृत्यूनंतर १८७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या दिवसांची हकिकत आहे. जिल्हा १८६० मध्ये निजामाकडे परत गेला, पण टेलरचे लिखाण उरले.

एका परक्या माणसाने काही वर्षांच्या मुक्कामात एवढे लिहून ठेवले. आणि आम्ही? दोन तासांची सहल करतो, फोटो काढतो, डबे खातो आणि निघतो. पाणीमहालावर फारसी शिलालेख आहे. उर्दू शाळेतल्या आमच्या मुलांना त्याची लिपी परकी नाही. अक्षरे ती जुळवू शकतात. अर्थ लागायला थोडी फारसी हवी आणि तो शेजाऱ्यापर्यंत पोहोचवायला मराठी हवी. या तिन्ही भाषांशी नाते असलेला समाज या जिल्ह्यात आपलाच आहे. आपण वाचले नाही, तर हा किल्ला कुणी 'त्यांचा' म्हणून नाकारील, कुणी 'आमचा' म्हणून नुसताच मिरवील.

म्हणून पुढच्या सहलीत मुलांना पाण्याआधी त्या दगडासमोर उभे करू या. वही-पेन्सिल सोबत असू द्या. धबधबा कुठे जात नाही. अक्षरे मात्र दर पावसाळ्यात थोडी झिजतात.