पक्षाघातावरील उपचारानंतरचा रक्तदाब

मेंदूच्या धमनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात (अर्धांगवायू, लकवा) ती औषधाने विरघळवल्यावर किंवा नळीवाटे बाहेर काढल्यावर राखायचा रक्तदाब. रुग्ण पुढे स्वतःच्या पायावर चालेल की नाही, हे काही अंशी पहिल्या २४ तासांतल्या या आकड्यांवर ठरते.

रक्त तुटलेल्या गाभ्यातील पेशी काही मिनिटांत मरू लागतात. भोवतालचा भाग मात्र आजूबाजूच्या लहान वाहिन्यांच्या आधारावर काही तास तग धरतो. निरोगी मेंदू दाब वरखाली झाला तरी स्वतःचा रक्तप्रवाह सांभाळून घेतो. दुखावलेल्या भागाला ते जमत नाही. तिथे दाब घसरला की वाचू शकणारा भागही जातो आणि फार चढला तर कमकुवत वाहिन्यांतून रक्तस्राव होतो. म्हणून गुठळीवर यांपैकी कोणताच उपचार झालेला नसेल आणि दुसरे काही तातडीचे कारण नसेल, तर साधारणपणे २२०/१२० पर्यंतचा दाब लगेच उतरवत नाहीत. आकडा पाहून नातेवाईक घाबरतात, ते स्वाभाविकच आहे. पण त्या भीतीपोटी जिभेखाली निफेडिपिन देणे घातक ठरू शकते, कारण त्याने दाब एकदम कोसळतो.

अल्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी दाब १८५/११० च्या खाली आणतात आणि नंतर २४ तास १८०/१०५ च्या आत ठेवतात. मोजणी पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, नंतर तासातासाने होते.

नळीवाटे गुठळी काढण्याचा उपचार २०१५ नंतर रुळला. धमनी मोकळी झालीच आहे, तर दाब आणखी उतरवून रक्तस्राव टाळावा, असे अनेकांना वाटे. चाचण्यांनी ही समजूत खोडून काढली. फ्रान्समधील ‘बीपी-टार्गेट’ (२०२१) चाचणीत वरचा दाब १००–१२९ ठेवण्याचे उद्दिष्ट घेऊनही रक्तस्राव घटला नाही. चीनमधील ‘एनचँटेड२/एमटी’ (२०२२) चाचणीत १२० च्या खालचे लक्ष्य ठेवलेल्या रुग्णांत अपंगत्व वाढले, म्हणून ती मुदतीआधी थांबवावी लागली. दक्षिण कोरियातील ‘ऑप्टिमल-बीपी’ (२०२३) चाचणीत तीन महिन्यांनी स्वावलंबी झालेले रुग्ण १४० च्या खालच्या गटात ३९.४ टक्के, तर १४०–१८० च्या गटात ५४.४ टक्के होते. मोठी धमनी उघडली तरी सूक्ष्म वाहिन्यांतला प्रवाह पूर्ववत होतोच असे नाही, हे यामागचे एक संभाव्य कारण.

मेंदूत रक्तस्राव होऊन आलेल्या पक्षाघाताचा हिशेब वेगळा. तिथे दाब लवकर १४० च्या आसपास आणणे हिताचे मानतात.

प्रकृती स्थिरावल्यावर दिशा बदलते. घरी गेल्यावर बहुतेकांसाठी दीर्घकालीन लक्ष्य १३०/८० च्या खाली असते. ‘प्रोग्रेस’ (२००१) चाचणीत दाब कमी करणाऱ्या गोळ्यांमुळे दुसऱ्या झटक्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले. मुळात उच्च रक्तदाब नसलेल्या रुग्णांनाही त्यांचा फायदा झाला.